शेवटच्या स्टेजचा कॅन्सर आणि हॉस्पिटलचं बिल : या चुका टाळा

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला कॅन्सरचं निघालं की फाइल मुंबईला टाटाला नाहीतर नाशिक, संभाजीनगरला फिरते, आणि एक दिवस डॉक्टर सांगतात की आता घरी सेवा करा. बिलाचे खरे घोळ तिथून सुरू होतात, कारण तोवर केमोचे क्लेम गपगुमान पास होत आलेले असतात आणि घरच्यांना वाटतं पुढचंही तसंच होईल.

नाही होत. हेल्थ पॉलिसीत 'एक्सल ०५' नावाचं कलम असतं, सगळ्या कंपन्यांचं जवळपास सारखंच. नुसता आराम, सेवाशुश्रूषा, बरं न होणाऱ्या पेशंटची देखभाल, याचे पैसे नाही. आता समजा आबांच्या पोटात पाणी झालं, धाप लागली, अॅडमिट केलं, आणि ज्युनिअर डॉक्टरने घाईत कागदावर एवढंच लिहिलं, 'टर्मिनल कॅन्सर, पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे बरा न होणारा कॅन्सर, फक्त त्रास कमी करणारी सेवा. टीपीएवाला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारा, तेवढंच वाचतो अन क्लेम रिजेक्ट. अहो पण पोटातलं पाणी काढलं, रक्त चढवलं, दुखणं थांबायला इंजेक्शनं दिली, हे उपचारच ना? म्हणून भरती करतानाच सांगा, साहेब कशासाठी घेतलं आणि काय काय केलं ते सविस्तर लिहा, डिस्चार्ज समरीतही तेच येऊ द्या. खोटं मात्र काही लिहायला लावू नका, केसपेपर मागवले की सगळं उघडं पडतं.

दुसरी चूक घरी नेताना होते. पेशंटच म्हणतो "माले घर लई चला", मग घरचे समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करतात आणि तो निघतो डामाचा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता नेलं. क्लेमवर लगेच क्वेरी येते. डॉक्टरांची संमती असेल तर 'पुढची काळजी घरी' असं त्यांच्याकडून लिहून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

बघायला येणाऱ्या भाऊबंदांना बसायला जागा पाहिजे म्हणून डीलक्स रूम घेऊ नका. पॉलिसीत रूमची मर्यादा दिवसाला ३००० असेल आणि तुम्ही ६००० ची घेतली तर नुसता रूमचा फरक जात नाही, बऱ्याच पॉलिसीत डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग हेही निम्मं कापतात. औषधांना ही कात्री लागत नाही. डायपर, ग्लोव्हज यांचे पैसे बहुतेक मिळत नाहीत, त्यावर भांडत बसू नका.

महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत आधी पैसे भरून नंतर परत मागायची सोय नाही, मंजुरी आधी. त्यामुळे दवाखान्यात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा माणूस) गाठा आणि रेशनकार्ड-आधारवरचं नाव जुळतं का बघा, सुकदेव-सुखदेवमध्येही फाइल अडकते. पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा. पेशंटचं वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, त्याला उत्पन्नाची अट नाही. घरी ठेवलेली नर्स किंवा ऑक्सिजनचं मशीन या सरकारी योजनांत धरू नका.

घरी आल्यावरची औषधं मात्र बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवस चालतात, मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असली पाहिजे. कच्च्या चिटोऱ्यावर काही मिळत नाही.

आणि नॉमिनी. पॉलिसी पेशंटच्याच नावावर असते, नॉमिनीची जागा रिकामी, मग माणूस गेल्यावर वारसाचे कागद करत कोर्टाच्या चकरा. शुद्धीत आहेत तोवर विचारून नाव टाका, बोलायला जड जातं पण बोला. शिवाय 'गंधमुक्ती (माणूस गेल्यावरचा विधी) झाली की बघू' म्हणून फाइल कपाटात पडते आणि कागद द्यायची मुदत निघून जाते, ती डिस्चार्जपासून मोजतात. दुःखात उशीर झालाच तर कारण लिहून द्या, रास्त कारण असेल तर नुसत्या उशिरावरून क्लेम नाकारता येत नाही.

नाकारलाच तर तोंडी ऐकू नका, पत्र घ्या, त्यात कोणतं कलम लावलं ते बघा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.