पासवर्ड बरोबर, तरी रिमोट डेस्कटॉप आत घेत नाही? परवानगी अशी तपासा

ऑफिसच्या कॉम्प्युटरला रिमोट डेस्कटॉपने (दुसरीकडे बसून तो कॉम्प्युटर वापरण्याची विंडोजची सोय) जोडताना 'नॉट ऑथोराइज्ड फॉर रिमोट लॉगिन' असा नकार आला, तर राउटर आणि फायरवॉलला हात लावू नका. हा नकार समोरच्या कॉम्प्युटरनेच दिलेला असतो, म्हणजे तुम्ही तिथवर पोहोचला आहात. तो कॉम्प्युटर बंद असता, ३३८९ हे पोर्ट (रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीचं दार) अडवलेलं असतं किंवा तिथे विंडोजची होम आवृत्ती असती (ती रिमोट जोडणी स्वीकारतच नाही), तर जोडणीच झाली नाही असा वेगळा संदेश आला असता. अडचण फक्त परवानगीची आहे.

आधी नाव पाहा. डोमेन (सगळ्या कॉम्प्युटरची खाती एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) असलेल्या ऑफिसात एकाच नावाची दोन खाती असू शकतात, एक डोमेनवरचं आणि एक त्या कॉम्प्युटरपुरतं. म्हणून डोमेनचं नाव, बॅकस्लॅश आणि मग युजरनेम असं पूर्ण लिहा. नेहमी पिन टाकून लॉगइन करणाऱ्यांनी इथे खात्याचा पासवर्ड टाकायचा. रिकामा पासवर्डही चालत नाही.

मग ग्रुप, म्हणजे रिमोटने आत येण्याची परवानगी असलेल्या खात्यांची यादी. त्या कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिन खात्याने बसा. सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप असं जाऊन 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' उघडा. 'अ‍ॅड' दाबून नाव लिहा, 'चेक नेम्स'ने खात्री करून ओके करा. बहुतेक वेळा काम इथेच होतं.

घाईत अनेक जण त्या माणसाला थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून टाकतात. लॉगइन सुरू होतं खरं, पण त्याच्या हाती पूर्ण कॉम्प्युटर जातो: इतरांच्या फाइल्स, अँटिव्हायरस बंद करण्याची मुभा, सगळंच. त्याचा पासवर्ड उद्या कुणाला कळला, तर त्यालाही तेवढीच सत्ता मिळेल. कृपा करून असं करू नका.

तरीही नकार आला तर पॉलिसी, म्हणजे कुणाला काय करता येईल हे ठरवणारे कॉम्प्युटरचे नियम. स्टार्टमध्ये 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' शोधा. तिथे लोकल पॉलिसीज आणि त्याखाली युजर राइट्स असाइनमेंट. 'अलाऊ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' या ओळीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि रिमोट डेस्कटॉप युजर्स हे दोन्ही ग्रुप हवेत. यातला रिमोट डेस्कटॉप युजर्स हा ग्रुप कुणी गडबडीत काढला असेल, तर त्या ग्रुपमध्ये कितीही नावं घाला, उपयोग नाही. त्यानंतर 'डिनाय लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' ही जोडओळ नक्की उघडा. इथे युजरचा एखादा ग्रुप जरी असला, तरी नकारच मिळतो, कारण डिनाय नेहमी अलाऊवर मात करतो.

बदलाची बटणं फिकट दिसत असतील, तर ती पॉलिसी सर्व्हरवरच्या ग्रुप पॉलिसीतून (ऑफिसच्या अनेक कॉम्प्युटरना एकदम लागू होणारे नियम) येते आहे. बदल तिथेच व्हायला हवा, म्हणून आयटीवाल्यांना त्या ओळीचं नेमकं नाव सांगा. 'रिमोट चालत नाही' एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही. त्यांनी बदल केल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, म्हणजे नवी पॉलिसी लागू होईल. (समोरचं मशीन डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर असेल, तर तिथे मुळातच फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना हा अधिकार असतो. साध्या युजरला तिथे न्यायचंच नाही.)

शेवटी चाचणी त्या युजरच्याच खात्याने घ्या. अ‍ॅडमिन खातं 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' ग्रुपमध्ये नसतानाही आत जातं, त्यामुळे त्याने घेतलेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही.