वॉरंटी संपल्यावर गाडीचं मोठं काम निघालं तर काय करावं

एस्टिमेट हातात पडलं की नजर थेट तळाच्या आकड्यावर जाते. आधी वरची ओळ वाचा. तिथे नुसतं 'एसी कूलिंग नाही' लिहिलंय आणि खाली कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅस, लेबर अशी रांग लागली आहे, तर फॉल्ट अजून सापडलेलाच नाही. एकेक पार्ट बदलत जायचं आणि ज्यानं काम झालं तोच खराब होता म्हणायचं, हा प्रयोग तुमच्या पैशांवर चालतो. म्हणून वॉरंटीबाहेरच्या गाडीसाठी फॉल्ट शोधायचे पैसे वेगळे आणि आनंदाने द्या. पुढचा मोठा खर्च तिथेच वाचतो.

होकार देण्याआधी

आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल (बनावटीतला दोष दुरुस्त करायला कंपनीने स्वतःहून गाड्या परत बोलावणं) आहे का पाहा. रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी फुकट होतं. बॅटरी आणि टायरची वॉरंटी ते बनवणाऱ्या कंपनीची असते, त्यामुळे तीही वेगळी तपासा. वॉरंटी संपून थोडेच महिने किंवा थोडेच किलोमीटर झाले असतील आणि सर्व्हिस वेळेवर झालेल्या असतील, तर वर्कशॉप मॅनेजर आणि कंपनीचं कस्टमर केअर या दोघांना 'गुडविल'साठी ईमेल करा. चेसिस नंबर, किलोमीटर, सर्व्हिसच्या तारखा आणि एस्टिमेट जोडा. हा तुमचा हक्क नाही, पण मागितल्यावर कधी कधी पार्टचा काही भाग कंपनी उचलते. काउंटरवर तोंडी बोललेलं मात्र तिथेच राहतं.

फॉल्ट पक्का करून घ्या

चेक इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. समजा पेट्रोल गाडी मिसिंग करतेय आणि कोड पी०३०१ आला. अर्थ इतकाच, की पहिला सिलिंडर नीट पेटत नाही. दोष कॉइलचा असेल, प्लगचा, इंजेक्टरचा किंवा कॉम्प्रेशनचाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावायला सांगा, कोड पुसा आणि गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर कॉइल चांगली आहे. आता प्लगची अशीच अदलाबदल करा. दहा-पंधरा मिनिटांच्या या कामाने चारही कॉइल बदलायची वेळ टळते.

एसीचंही तसंच. 'गॅस कमी आहे' म्हणून नुसता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच खर्च, कारण गॅस वापरून संपत नाही, गळतो. आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळती शोधायला सांगा. ओ-रिंग, कंडेन्सर की डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर, हे कळल्याशिवाय डॅशबोर्ड खोलू देऊ नका.

गाडी तापली तर

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यात मोठी बिलं इथून निघतात. कारण बहुतेकदा किरकोळ असतं: होजची चीर, अडकलेला थर्मोस्टॅट, बंद पडलेला रेडिएटर फॅन, नाहीतर वर्षानुवर्षं टाकलेलं बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर; ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि पाणी फिरणं मंदावतं. कूलंट कंपनीच्या पुस्तकात दिलेलंच घ्या आणि कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. प्रमाण बहुधा निम्मं-निम्मं असतं. डब्यावर 'रेडी टू यूज' असेल तर पाणी अजिबात नको.

पुण्याहून येताना सावळेश्वर टोलच्या आसपास काटा चढू लागला, तर 'आता घर जवळच आहे' म्हणून दामटू नका. एसी बंद करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका. हायवेवर १०३३ ला फोन केला की मदत मिळते. त्या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं आणि काही शे रुपयांच्या होजचं काम हेड खोलण्यावर जातं.

गॅरेजमध्ये आधी साध्या गोष्टी तपासायला सांगा. एसी चालू केल्यावर फॅन फिरतो का? नसेल तर फ्यूज, मग त्याच नंबरचा दुसरा रिले लावून पाहायचा, त्यानंतर मोटर. 'गॅस्केट गेलं' असं सांगितलं तर पुरावा मागा: ऑइलमध्ये दुधाळपणा, कूलंटमध्ये सतत बुडबुडे, किंवा कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे. हेड खोललंच तर सरळपट्टी आणि फीलर गेजने वाक मोजायला सांगा, तडा आहे का याची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि मगच फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) मशीन शॉपमध्ये पाठवा. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुनेच पुन्हा आवळले तर तेच काम परत निघू शकतं.

पार्ट आणि लेबर

एस्टिमेटमध्ये प्रत्येक पार्टचा नंबर, किंमत आणि लेबर वेगवेगळं लिहून घ्या. पार्ट नंबर हातात आला की दुसऱ्या ठिकाणी भाव विचारता येतो. बॉश, व्हॅलिओ, लूक, एक्सेडी यांसारख्या कंपन्या कार कंपन्यांनाही माल पुरवतात. तोच दर्जा त्यांच्या स्वतःच्या डब्यात अनेकदा स्वस्त मिळतो. नकली मालही याच नावांनी विकला जातो, म्हणून पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे. कुणी जुन्या २८ टक्क्यांनी आकारत असेल तर विचारा.

अल्टरनेटर, स्टार्टर दुरुस्त होतात. सस्पेन्शनच्या लोअर आर्मचा रबरी बुश अनेक गाड्यांत वेगळा मिळतो, अख्खा आर्म लागतोच असं नाही. पण ब्रेक आणि स्टीअरिंगचे पार्ट भंगारातून आणू नका, कितीही स्वस्त असोत.

लेबर एकदाच लागेल असं पाहा. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र बदला, फ्लायव्हील तपासा आणि मागचं ऑइल सील गळत असेल तर तेही. टायमिंग बेल्टवर चालणारा वॉटर पंप असेल तर बेल्टबरोबर टेन्शनर आणि पंपही.

स्कॅनर आणि कोडिंगची कामं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे, आणि सस्पेन्शन, क्लच, ब्रेक ही कामं ओळखीच्या मिस्त्रीकडे अशी विभागणी सोलापुरात सहज जमते. ब्रेक, ऑइल प्रेशरचा दिवा, तापणं आणि स्टीअरिंग यांची कामं पुढे ढकलता येत नाहीत. सस्पेन्शनच्या लिंक रॉडची टकटक किंवा पॉवर विंडो पुढच्या महिन्यावर ढकलता येते.

गाडी ताब्यात घेताना

जुने पार्ट परत द्यायचे असं जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या. पैसे देण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून चक्कर मारा, स्कॅनरवर कोड पुन्हा येत नाहीत ना पाहा. बिलावर पार्टची आणि कामाची वॉरंटी किती महिन्यांची ते लिहायला लावा.

काम बिघडलं आणि दाद मिळाली नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही जमलं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सोबत जॉब कार्ड, एस्टिमेट, पक्कं बिल आणि जुन्या पार्टचे फोटो लागतील.