बुडवलेल्या जहाजाचं रीफ कॉन्फरन्समधे मांडायचंय? मग तयारी अशी करा

नौदलाची निवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं म्युझियम आणि कृत्रिम रीफ (म्हणजे समुद्रजीवांना धरायला-लपायला माणसाने केलेली खडकासारखी जागा) करायचा प्रकल्प आल्यापासून मालवण-वेंगुर्ल्याकडची बरीच पोरं, डायव्हिंगवाले, कॉलेजवाले हा विषय घेऊन समुद्र संवर्धनाच्या कॉन्फरन्सला जायचं म्हणतायत. जाच, किनाऱ्यावरच्या माणसांनी तिथे बोललंच पाहिजे. पण "जहाज बुडवलं की मासे वाढतात" एवढ्यावर उभे राहिलात तर पहिल्याच प्रश्नाला गाडी अडेल.

तो प्रश्न ठरलेला असतो: मासे खरंच वाढले, की आजूबाजूचे येऊन गोळा झाले? याचं उत्तर मनापासून तयार करा. वाळूच्या तळावर एवढं मोठं लोखंड आलं की त्यावर शेवाळ, बार्नॅकल (घट्ट चिकटून राहणारे टणक कवचाचे बारके जीव), कालवं धरतात, बारीक मासळी आडोशाला येते, मग तिच्यामागून हेकरू, तांबोशीसारखे मोठे मासे. हे गोळा होणं लवकर दिसतं, पैदास वाढायला मात्र वर्षं लागतात, आणि तीसुद्धा तिथे मासेमारीवर काहीतरी बंधन असेल तरच, नाहीतर विखुरलेली मासळी आपणच एका जागी आणून पकडायला सोपी केली असं होतं. म्हणून जहाजाचा फोटो दाखवायच्या आधी तिथे मासे कोण पकडणार आणि कोण नाही याचा नियम दाखवा. सोबत मोजणीचा प्लॅन हवाच: जहाज बुडवण्याआधी एकदा, नंतर दरवर्षी त्याच महिन्यात, आणि तुलनेला जवळचं एखादं नैसर्गिक खडप आणि एक नुसत्या वाळूचा तुकडा. आधीची मोजणी नसेल तर नंतरचे आकडे कितीही छान असोत, त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

दुसरा मोठा भाग सफाईचा, आणि माझ्या मते निम्मा वेळ इथेच द्या. जुन्या युद्धनौकेत तेल असतं, केबलच्या आवरणात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, अ‍ॅस्बेस्टॉस, शिशाचे रंग, तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावलेला विषारी पेंट. अमेरिकेत फ्लोरिडाजवळ २००६ मधे ओरिस्कनी ही विमानवाहू नौका बुडवली, त्याआधी पीसीबीवरूनच किती चर्चा झाली आणि नंतर तिथले मासे पकडून तपासत राहावे लागले, हे उदाहरण स्वतःहून सांगा. गुलदार १९८५ ची, पोलंडमधे बांधलेली, साधारण ८४ मीटर लांब, २०२४ मधे निवृत्त झालेली. त्या काळातल्या जहाजात काय काय असू शकतं आणि त्यातलं काय काढलं हे विचारणारच, तेव्हा यादी हातात ठेवा.

पाल्मायराचा मुद्दाही येईल. पॅसिफिकमधल्या या प्रवाळ बेटाजवळ १९९१ मधे एक मासेमारी जहाज फुटलं आणि नंतर त्याच्याभोवती प्रवाळासारखाच दिसणारा एक जीव इतका माजला की खरी प्रवाळं झाकली गेली, आणि जहाजातून पाण्यात उतरणारं लोह हे त्याचं कारण असावं असं अभ्यासक म्हणतात. तो अपघात होता, मुद्दाम केलेलं रीफ नव्हतं, पण धडा आपल्यालाही लागू आहे. मालवण सागरी अभयारण्य असो की विजयदुर्गसमोरची आंग्रिया बँक (समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार), जिवंत प्रवाळाच्या जवळ जहाज नको, हे तुम्ही आधीच बोलून टाका.

फ्लोरिडातलंच स्पीगल ग्रोव्ह थोडक्यात घ्या. २००२ मधे ते ठरलेल्या वेळेआधीच उलटं बुडालं, मग ओढून कुशीवर आणलं, आणि २००५ मधे चक्रीवादळाने ते चक्क सरळ उभं केलं. एवढं लोखंड लाटा हलवू शकतात, तर आपल्या पावसाळ्यातल्या समुद्राचा हिशोब जागा आणि खोली ठरवतानाच झाला पाहिजे. याच जहाजाची चांगली बाजू पण आहे, ते बुडवल्यावर तिथल्या नैसर्गिक रीफवरची डायव्हरची गर्दी कमी झाली असं पाहणीत आढळलं, आणि तारकर्लीचं स्कूबा बघता आपला सगळ्यात जोरकस मुद्दा हाच आहे. फ्लोरिडातल्याच ऑस्बोर्न रीफला एक स्लाइड पुरे: सत्तरच्या दशकात वीसेक लाख टायर टाकले, बांधलेले गठ्ठे सुटले आणि खऱ्या रीफवर जाऊन आपटले.

"जहाजच कशाला, सिमेंटचे ब्लॉक का नाही?" असं कोणी विचारलं तर वाद घालू नका. सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे सिमेंटच्या रीफवर बरंच काम केलंय, नुसती मासळी वाढवायची असेल तर ते जास्त सुटसुटीत आणि त्यात विषारी सामान काढत बसायची भानगड नाही. जहाज पर्यटनासाठी आणि तळापासून मिळणाऱ्या उंचीसाठी, असं सरळ सांगून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉन्फरन्सच्या आधी गावात बैठक घ्या, रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे), गिलनेटवाले, ट्रॉलरवाले सगळ्यांची, नकाशा जमिनीवर पसरून. कुठे किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी, प्रवाह कुठून कुठे जातो, जाळी कुठे अडकतात हे ते बोट ठेवून दाखवतात. "जाळा अडाकला तर भरून कोण देतलो?" हा प्रश्न येणारच आणि त्याचं उत्तर तुमच्या प्रेझेंटेशनमधे लेखी पाहिजे, शिवाय जहाजाला अडकून राहिलेलं जाळं मासे मारतच राहतं, ते कोण काढणार तेही. जमलं तर त्यातल्याच एखाद्या काकांना स्टेजवर सोबत न्या आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टवर (कॉन्फरन्सला आधी पाठवायच्या सारांशावर) त्यांचं नाव घाला, माहिती त्यांची आहे.

फोटो कॅरिबियनच्या निळ्याशार पाण्याचे लावू नका, आपलं पाणी हिरवट आहे, तेच दाखवा. टेबलावर ठेवायला एक सोपी गोष्ट: परवानगी घेऊन जेट्टीच्या खांबाला पाण्याखाली लोखंडाची पट्टी बांधा, काही महिन्यांनी काढा. एका बाजूला गंजाचे पापुद्रे, त्यावर बार्नॅकलच्या खरखरीत टोप्या, मधेच नखाएवढं कालव, लोक हातात घेऊन बघत राहतात. प्रवाळाचा तुकडा मात्र चुकूनही नेऊ नका, दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

शेवटी एक पानाचा कागद वाटा, त्यात तुम्हाला नेमकं काय हवंय ते लिहा, म्हणजे आधीच्या मोजणीसाठी पैसे, पीसीबी तपासायला लॅब, की जहाजाभोवती मासेमारीबंद पट्टा. खाली तारखाही टाका, कारण मोजणी ऑक्टोबर ते मे मधेच होणार, पावसात पाण्यात उतरता येत नाही आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते.