पॉप गाण्याच्या व्हिडिओचे संकेत कसे वापरावेत आणि कसे मोडावेत : नाशिकच्या विद्यार्थी चित्रपटकर्त्यांसाठी

पॉप गाण्याचा व्हिडिओ पाहणाऱ्याला काही गोष्टी न सांगता ठाऊक असतात. गायक कॅमेऱ्यात पाहून गाणार, ध्रुवपद आले की हालचाल वाढणार, कट तालावर पडणार आणि चेहरा इतक्या वेळा जवळून दिसणार की गाणे संपेपर्यंत तो ओळखीचा होणार. जनसंवाद किंवा चित्रपटनिर्मितीच्या अभ्यासक्रमात असा व्हिडिओ करायला सांगितला जातो, तेव्हा त्यासोबत बहुधा एक प्रश्नही येतो : तुम्ही कोणते संकेत, म्हणजे अशा रूढ रीती, वापरल्या आणि कोणत्या संकेतांना आव्हान दिले? पुष्कळ गट या प्रश्नाकडे चित्रीकरण संपल्यावर वळतात आणि मग जे जमले नाही त्यालाच आव्हान म्हणण्याची वेळ त्यांच्यावर येते. हा प्रश्न गाणे निवडण्यापासूनच समोर ठेवावा, यासाठी पुढचा क्रम दिला आहे. त्यामागचे सूत्र एवढेच की, जो संकेत मोडायचा तो आधी आपल्याच व्हिडिओत नीट उभा करावा लागतो आणि तो मोडताना बाकीचे संकेत नेहमीपेक्षा काटेकोरपणे पाळावे लागतात.

१. गाणे आणि त्याचे हक्क

साडेतीन मिनिटांपेक्षा मोठे गाणे घेऊ नये. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार (१९५७) ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, तर शब्द आणि संगीतरचना यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे एखादी जुनी ध्वनिमुद्रिका मुक्त झाली, तरी त्यातले गाणे मुक्त झालेलेच असेल असे नाही. अभंगाचे शब्द सर्वांचे असतात, पण त्याची लोकप्रिय चाल आणि तिचे मुद्रण बहुधा कोणाच्या तरी मालकीचे असते. शिक्षणासाठी कायद्यात काही सवलती आहेत, मात्र त्या वर्गाच्या भिंतींपलीकडे फारशा पोहोचत नाहीत आणि व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की तिथली स्वयंचलित यंत्रणा गाणे ओळखून मालकाला कळवते. म्हणून शहरातल्या एखाद्या स्वतंत्र गायकाचे, रॅपरचे किंवा महाविद्यालयीन बँडचे गाणे लेखी परवानगीने घेणे सर्वांत सोयीचे. अशा कलावंताकडून आवाज आणि वाद्ये यांचे वेगवेगळे ट्रॅक मागून घ्यावेत. एखाद्या जागी नुसता आवाज ठेवून वाद्ये थांबवणे हे पुढे फार उपयोगी पडते आणि तयार गाण्यातून ते नीट करता येत नाही.

२. संकेतांची यादी स्वतः करावी

पुस्तकातली यादी उतरवून काढण्याऐवजी आपल्या गाण्याच्या जातकुळीतले पाच-सहा व्हिडिओ निवडावेत आणि प्रत्येक दोनदा पाहावा, एकदा आवाज बंद ठेवून आणि एकदा डोळे मिटून. आवाज बंद असताना शॉट मोजावेत, पहिल्या मिनिटात चेहरा किती वेळा जवळून येतो ते लिहावे आणि कोण कोणाकडे पाहते याची नोंद ठेवावी. डोळे मिटून ऐकताना मुखडा, अंतरा आणि मधले म्युझिक पीस कुठे सुरू होतात त्यांच्या वेळा टिपाव्यात. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की संकेत आपोआप दिसू लागतात.

या टप्प्यावर अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ मध्ये मांडलेली विभागणी कामाची आहे. शब्द आणि दृश्य यांचे नाते तीन प्रकारचे असते : दृश्य शब्दांचे सरळ चित्रण करते, शब्दांत नसलेले काही वाढवून देते किंवा शब्दांशी मुद्दाम विसंगत राहते. गाण्यात ‘पाऊस’ आला की पाऊस दाखवणे हा पहिला प्रकार झाला आणि विद्यार्थ्यांच्या कामात त्याचाच भरणा असतो. गुडविनने चेहऱ्याच्या जवळच्या शॉटचे कारणही व्यवहारात शोधले आहे. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाल्यानंतर व्हिडिओ हा मुख्यतः रेकॉर्ड कंपनीच्या जाहिरातीचा भाग बनला आणि कंपनीला विकायचा होता कलावंताचा चेहरा. संकेतामागे असे एखादे कारण सापडले, की तो मोडण्याने आपल्या गाण्याचे काय साधेल हे विचारता येते.

आपल्याकडे मात्र एक वेगळी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९३५ पासून हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन आले आणि मराठी प्रेक्षकाच्या कित्येक पिढ्या एकाचा आवाज दुसऱ्याच्या ओठांवर पाहत वाढल्या. परदेशी व्हिडिओत गायकाऐवजी दुसऱ्याच कोणी ओठ हलवले तर ते धाडस ठरू शकते. नाशिकच्या प्रेक्षकाला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. म्हणून परदेशी उदाहरणातले आव्हान जसेच्या तसे उचलू नये, ते आपल्या प्रेक्षकाच्या सवयीवर तोलून घ्यावे.

३. कोणता संकेत मोडायचा ते ठरवावे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका वेळी एकच मुख्य संकेत मोडावा. कथा नाही, चेहरा नाही, तालही नाही अशा व्हिडिओत प्रेक्षकाला धरायला काही उरत नाही आणि त्याला ते आव्हान न वाटता गोंधळ वाटतो. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्री यांनी २००२ मध्ये ‘केमिकल ब्रदर्स’ या संगीतजोडीच्या ‘स्टार गिटार’ या गाण्यासाठी केलेला व्हिडिओ या दृष्टीने अभ्यासावा. त्यात कलावंत नाहीत, गोष्ट नाही, आहे ती केवळ आगगाडीच्या खिडकीतून मागे पळणारी जमीन. परंतु खांब, इमारती, पूल आणि रूळ यांतली प्रत्येक वस्तू गाण्यातल्या एकेका ध्वनीबरोबर अचूक उगवते. चेहऱ्याचा संकेत पूर्ण टाकला आहे आणि तालाचा संकेत कोणी पाळला नसेल इतका पाळला आहे. नाशिकरोडहून इगतपुरीकडे जाताना खिडकीतून असेच काही टिपून आणले तर ती नक्कल होईल, पण एक सोडून दुसरे घट्ट धरण्याची ही रीत घेण्यासारखी आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. नोकरीसाठी नाशिक सोडून पुण्याला निघालेल्या मुलीचे गाणे आहे, लांबी ३ मिनिटे २० सेकंद. ठरीव पद्धतीने केले, तर मुलगी बॅग भरेल, घाटावर फिरेल, बसच्या खिडकीशी डोके टेकून गाईल. गाण्याचा गाभा मात्र निघून जाणाऱ्या मुलीपेक्षा मागे राहणाऱ्यांत असेल, तर आव्हान ओठांच्या संकेताला द्यावे. पहिला अंतरा आणि पहिले ध्रुवपद अगदी रीतसर करावे : मुलगी कॅमेऱ्यात पाहून गाते, कट समेवर पडतो, चेहरा जवळ येतो. दुसऱ्या अंतऱ्यात तिचे ओठ मिटतात, आवाज तिचाच चालू राहतो आणि ओठ हलतात ते दारात उभ्या वडिलांचे, मग गल्लीतल्या दुकानदाराचे, मग तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरचे. पार्श्वगायनाला सरावलेला प्रेक्षकही तरुण मुलीचा आवाज पन्नाशीच्या पुरुषाच्या ओठांवर पाहून थबकतो, कारण इथे वय आणि लिंग दोन्ही जुळत नाहीत. पहिल्या मिनिटात रीत नीट पाळली नसती तर दुसऱ्या मिनिटातला हा बदल तंत्रातला दोष वाटला असता.

पाहण्याच्या संकेताची तपासणी याच टप्प्यावर करावी. चित्रपटात स्त्री ही बहुधा पाहिली जाणारी आणि पुरुष पाहणारा असतो, हे चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. पॉप व्हिडिओत तर ते उघडच दिसते. शॉटलिस्टमधल्या (घ्यायच्या शॉटच्या यादीतल्या) मुलीच्या जागी मुलाचे नाव घालून ती मोठ्याने वाचावी. ‘तो ओले केस झटकतो, कॅमेरा पायांपासून वर जातो’ हे वाचून गट हसला, तर तो शॉट कशावर उभा होता ते कळते. मग तो बदलायचा की जाणीवपूर्वक उलटा करून ठेवायचा, हा निर्णय गटाचा. याबाबतीत दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. ‘लंका दहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. स्त्रिया मिळत नसल्याची ती अडचण होती, परंतु आज तीच गोष्ट कोणी ठरवून केली तर तिचा अर्थ पार बदलतो.

४. नाशिक कसे दाखवावे

नाशिकचेही स्वतःचे संकेत तयार झाले आहेत. गंगापूर धरणाच्या पाण्यावरून जाणारे ड्रोन, द्राक्षबागेतून हात धरून पळणारे जोडपे, रामकुंडावर सोडलेले दिवे, सोमेश्वरचा धबधबा. ही दृश्ये वाईट नाहीत, पण ती इतक्यांदा वापरली गेली आहेत की पाहणारा ती पाहतच नाही. त्यांच्यापासून पळण्यापेक्षा त्यांच्या आत शिरावे. द्राक्षबाग हवी असेल, तर घडांनी लगडलेली बाग फेब्रुवारीत सर्वांनाच मिळते; एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर त्याच बागेत मांडवाच्या तारा आणि खुंट तेवढे उरतात. विरहाच्या गाण्यात पहिले ध्रुवपद हिरव्या बागेत आणि शेवटचे त्याच चौकटीत छाटलेल्या बागेत घेतले, तर प्रेमगीताच्या संकेताला उत्तर मिळते आणि तेही ज्याला बाग ठाऊक आहे अशाच माणसाला सुचेल असे. अर्थात त्यासाठी दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा चित्रीकरण करावे लागेल आणि सत्राच्या वेळापत्रकात ते बसते का, हे आधीच पाहावे लागेल.

नाशिकचे म्हणून फाळक्यांना मानवंदना देण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो बहुधा तपकिरी रंगाच्या फिल्टरपाशी थांबतो. त्यापेक्षा त्यांची एखादी युक्ती घ्यावी. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने (फ्रेमने) टिपली होती. गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार भरताना अशाच पद्धतीने टिपता येतो. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास दहा सेकंदांच्या दृश्याला २५० छायाचित्रे लागतात. दर दहा सेकंदांनी एक घेतले तर साधारण ४२ मिनिटे मोबाइल ट्रायपॉडवरून हलवता येणार नाही. त्याच चौकटीत गायिका निश्चल बसली आणि भोवतालचा बाजार धावला, तर ‘ध्रुवपदात हालचाल वाढते’ हा संकेत पाळलाही जातो आणि उलटाही होतो.

परवानग्यांचे थोडक्यात. पांडवलेणी आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत, तिथल्या चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावा. रेल्वे स्थानक आणि बसस्थानक यांनाही संबंधित कार्यालयाची संमती लागते. ड्रोन उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर जागा तपासावी. ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग आणि नोट प्रेसचा परिसर असलेल्या जिल्ह्यात गच्चीवरून सहज उडवून पाहू, असे म्हणू नये.

५. चित्रीकरण

गाणे मोठ्या स्पीकरवर वाजवावे आणि प्रत्येक टेकला कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवावा. तो आवाज वापरायचा नसतो, पण संकलनात मूळ गाण्याशी जुळवायला त्याच्याइतके सोपे साधन नाही. गाणाऱ्याने नुसते ओठ न हलवता खरोखर गावे, नाहीतर गळ्याच्या शिरा आणि श्वास खोटे दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या उजेडात सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंद शटर ठेवावे. मोबाइल स्वयंचलित ठेवला तर चित्र लुकलुकण्याचा धोका असतो.

स्लो मोशनचा संकेत ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांनंतर मराठी डोळ्यांना इतका सवयीचा झाला आहे की तो एरवी टाळावा असेच माझे मत आहे. वापरायचाच असेल, तर तो असा वापरावा : गाणे दुप्पट वेगाने वाजवावे, गायिकेने त्या वेगाने गावे आणि सेकंदाला ५० चौकटींनी टिपून २५ ने दाखवावे. ओठ गाण्याशी तंतोतंत जुळतात, पण ओढणी, धूळ आणि मागची गर्दी संथ होते. ओठांचा वेग खरा आणि जगाचा खोटा, असा काहीसा विचित्र परिणाम साधतो. या शॉटची तालीम घरी करून यावी, कारण दुप्पट वेगातले शब्द ऐनवेळी कोणालाच जमत नाहीत.

६. संकलन

आधी गाण्याची गती काढावी. मिनिटाला १०० ठोके असतील, तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे २५ च्या हिशेबाने नेमका १५ चौकटींचा होतो. चार ठोक्यांचे आवर्तन ६० चौकटींचे. ३ मिनिटे २० सेकंदांच्या गाण्यात अशी सुमारे ८३ आवर्तने बसतात. प्रत्येक समेला कट केला तर ८३ शॉट लागतील आणि तेवढे पाहून कोणीही कंटाळेल, परंतु पहिल्या ध्रुवपदापर्यंत ही शिस्त पाळावी. नाशिक ढोलाचा ठेका असेल तर प्रत्येक टिपरीवर कट करण्याच्या फंदात पडू नये. फक्त टोलावर कट करून मधली घाई वादकाच्या हातांवर सोडावी. वर घेतलेल्या उदाहरणात वडिलांचे ओठ हलू लागतात तो कट मात्र समेच्या एक ठोका आधी, १५ चौकटी लवकर घ्यावा. कान पुढच्या ठोक्याची वाट पाहत असतानाच डोळ्यांना बदल दिसतो आणि तेवढ्यानेच तो ठसतो.

पहिला जोड झाल्यावर गटाबाहेरच्या तिघा-चौघांना व्हिडिओ काही न सांगता दाखवावा आणि ‘कुठे काही चुकल्यासारखे वाटले का?’ एवढेच विचारावे. तुम्ही मोडलेल्या जागेवर त्यांनी बोट ठेवले आणि तिथे काय म्हणायचे होते तेही त्यांना कळले, तर ती जागा ठेवावी. बोट ठेवले पण अर्थ लागला नाही, तर बहुधा आधीचा भाग पुरेसा रीतसर झालेला नसतो. तेव्हा दुरुस्ती त्याच्या आधीच्या मिनिटात करावी.

७. टिपण

अभ्यासक्रमासाठी लिहायच्या टिपणात ‘आम्ही वेगळे काही केले’ असे वाक्य ठेवू नये. प्रत्येक दाव्यापुढे वेळ लिहावी : ०:०० ते १:०५ या भागात कोणता संकेत कशाने उभा केला, १:२० ला तो कुठल्या कटने मोडला आणि त्याच वेळी दुसरा कोणता पाळला. दुसऱ्या टप्प्यात मोजलेल्या व्हिडिओंचे आकडे शेजारी द्यावेत, म्हणजे ‘पॉप व्हिडिओत असे असते’ हे विधान ऐकीव राहत नाही. पाहणाऱ्या तिघा-चौघांची उत्तरे, त्यातली प्रतिकूल धरून, त्यांच्याच शब्दांत उतरवावीत आणि त्यामुळे संकलनात कोणता बदल केला, तोही वेळेसह नोंदवावा.