भिंतीआडून पायदळ कसे लढवावे: ‘कंपनी ऑफ हीरोज’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

चवथीच्या सुट्टीत माझा धाकटा आत्येभाऊ फोंड्याहून आमच्याकडे डिचोलीला आला होता. आरती-जेवण आटोपले की तो माझ्या कंप्युटरला चिकटायचा. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, “दादा, माझी आणि त्याची माणसे सारखीच, बंदुका सारख्याच, मग दर वेळी माझेच लोक आधी का मरतात?” मी मागे उभा राहून पाहिले. त्याची तुकडी रस्त्याच्या मधोमध उभी राहून गोळ्या झाडत होती आणि चार पावलांवरची दगडी भिंत मोकळी पडली होती. त्या दुपारी त्याला जे दाखवले, तेच इथे क्रमाने लिहितो.

‘कंपनी ऑफ हीरोज’ हा रेलिक कंपनीचा २००६ सालचा गेम. दुसऱ्या महायुद्धातली नॉर्मंडी, तिथली खेडी, कुंपणे, दगडी भिंती. बऱ्याच स्ट्रॅटेजी गेममध्ये जास्त सैन्य जमवणारा जिंकतो. इथे मात्र तुकडी कुठे उभी आहे यावर अर्धी लढाई ठरते. म्हणूनच इतक्या वर्षांनीही मला हा गेम मनापासून आवडतो.

आधी ठिपके वाचायला शिका

पायदळाची तुकडी निवडा आणि माऊस हळूहळू जमिनीवरून फिरवा. सैनिक जिथे जाऊन थांबणार तिथे ठिपके दिसतात. हिरवा ठिपका म्हणजे भक्कम आडोसा: दगडी भिंत, वाळूच्या गोण्या. पिवळा म्हणजे हलका आडोसा: लाकडी कुंपण, झुडपे, तोफगोळ्याने पडलेला खड्डा. पांढरा म्हणजे उघडी जमीन. लाल सगळ्यात वाईट. रस्ता आणि उथळ पाणी लाल असतात, तिथे उभ्या माणसाला एरवीपेक्षा जास्त मार बसतो. माझा भाऊ नेमका लाल ठिपक्यांवर लढत होता.

अमेरिकन रायफलमनच्या तुकडीत सहा जण असतात. क्लिक करण्याआधी सहाच्या सहा ठिपके हिरवे आहेत का, हे मोजून घ्या. भिंत आखूड असेल तर चार हिरवे आणि दोन पांढरे दिसतात, आणि ते दोघे आधी पडतात. माऊस वीतभर सरकवला की पुष्कळदा सगळे आत येतात. घाईत हे मोजणे राहून जाते, म्हणून सुरुवातीला कंप्युटरविरुद्ध सोप्या पातळीवर खेळून हाताला सवय लावा.

भिंतीला बाजू असते

नवे खेळाडू सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून यावर जरा थांबतो.

पावसाळ्याआधी आमच्याकडे घराच्या सोप्याला चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झड बांधायचे. ती पाऊस येतो त्याच बाजूला. वारा फिरला आणि पाऊस दुसरीकडून आत आला की झड असूनही सोपा भिजतो. गेममधली भिंत अगदी तशी आहे. शत्रू भिंतीपलीकडे असेल तोवर ती तुमची. तो बाजूने वळसा घालून आला की तुमचे सैनिक उघड्यावर असल्यासारखेच. भिंतीला टेकून बसल्याचा काही उपयोग राहत नाही.

त्यामुळे भिंत निवडताना ती किती जवळ आहे हे नंतर बघा. आधी शत्रू कुठून येणार ते ठरवा. त्याचा तळ कुठे, तुमच्या दोघांच्या मधला इंधनाचा किंवा दारूगोळ्याचा पॉइंट (मॅपवरची ताब्यात घ्यायची जागा) कुठे, त्याला यायला वाट कुठली. त्या वाटेला आडवी असलेली भिंत धरा. वाटेला समांतर असलेली भिंत दिसायला छान, पण शत्रू तिच्या टोकाशी आला की सगळी रांग त्याच्या नेमात येते. खड्ड्याचे तसे नाही. त्याचा आडोसा हलका असला तरी चारी बाजूंनी असतो. शत्रू कुठून येईल याचा अंदाजच नसेल, तर मी कधी कधी भिंत सोडून खड्डा घेतो.

पाठ उघडी राहिली की काय होते, याचे उदाहरण आमच्या फोंड्यातच घडलेले आहे. १६८३ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या मराठी किल्ल्याला वेढा घातला. तोफांनी तटाला खिंडार पाडले. तेवढ्यात संभाजी महाराज फौज घेऊन मदतीला आले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून माघारी फिरावे लागले. तटाकडे तोंड करून बसलेल्या फौजेची पाठ उघडी होती.

दोन तुकड्या, दोन कामे

एक तुकडी भिंतीआड बसवा आणि तिला जागची हलवू नका. चालता चालता झाडलेल्या गोळ्या नेमक्या लागत नाहीत. थांबलेली तुकडी नीट नेम धरते, आणि हिरव्या आडोशात मशीनगनच्या माऱ्याखालीही ती सहजी दबून जात नाही. उघड्यावरची तुकडी मशीनगनसमोर लगेच जमिनीवर आडवी होते, आणखी मारा झाला की जागच्या जागी खिळून जाते.

दुसरी तुकडी लांबून वळशाने पाठवा. शत्रू तुमच्या पहिल्या तुकडीशी लढण्यात गुंतला की ती त्याच्या भिंतीच्या मागच्या बाजूला निघते. तिथे त्याचा आडोसा संपतो. समोरासमोर दोन भिंतींआडून गोळीबार कितीही वेळ चालू शकतो. निकाल वळसा घालणारा लावतो.

मशीनगनलाही भिंतीआड जागा द्या, पण तिची दिशा तुम्हीच ठरवा. उजवे बटण दाबून धरा, माऊस ज्या दिशेला ओढाल तिकडे तोंड होते, मग सोडा. तिला मांडायला वेळ लागतो आणि तिचा मारा ठरावीक कोनातच चालतो. त्या कोनाबाहेरची बाजू रायफलवाल्यांनी सांभाळायची.

स्वतःची भिंत बांधा, दुसऱ्याची बंद करा

मॅपवर हवी तिथे भिंत नसते. अशा वेळी इंजिनिअरांकडून, म्हणजे बांधकाम करणाऱ्या तुकडीकडून, वाळूच्या गोण्यांची भिंत घालून घ्या, जर्मन बाजूने खेळत असाल तर पायोनिअरांकडून. बांधायला थोडा वेळ जातो, म्हणून लढाई पेटण्याआधीच घाला. एक ध्यानात ठेवा: गोण्या दोन्ही बाजूंनी चालतात. तुम्ही मागे हटलात की शत्रू पलीकडून त्याच गोण्यांआड बसेल.

यावरचा उपाय म्हणजे काटेरी तार. तुमच्या पॉइंटसमोरची जी भिंत शत्रूच्या सोयीची आहे, तिच्या त्याच्याकडच्या अंगाला तार ओढून टाका. पायदळाला तारेतून जाता येत नाही, आधी कोणीतरी ती कापावी लागते. आमच्याकडे गडग्यावर काटे टाकून गुरांना बागायतीत शिरू देत नाहीत, तोच हा प्रकार. मला विचाराल तर नव्या खेळाडूने दोन भिंती बांधण्याआधी शत्रूची एक भिंत तारेने बंद करायला शिकावे. फरक पहिल्याच डावात दिसतो.

भिंत कधी सोडावी

ग्रेनेड येताना दिसला की ताबडतोब उठा. भिंतीआड सैनिक दाटीने बसलेले असतात, एका ग्रेनेडमध्ये निम्मी तुकडी जाते. आगीचा फवारा मारणारे सैनिक जवळ आले तरी थांबू नका, त्या आगीला भिंत अडवत नाही. मॉर्टरचे गोळे वरून पडतात. पहिला गोळा जवळ पडला की जागा बदला, दुसऱ्याची वाट पाहू नका. शत्रू भिंतीला येऊन अगदी भिडला, म्हणजे मधे फक्त भिंतीची जाडी उरली, तर आडोशाचा फायदा दोघांनाही मिळत नाही. मग जवळून मारा करणारी हत्यारे ज्याच्याकडे, त्याची सरशी. आणि रणगाडा तर भिंतच चिरडून पुढे येतो. रणगाड्याचा आवाज ऐकू आला की भिंतीवर विसंबू नका.

निघताना कुठून निघणार हेही आधीच पाहून ठेवा. या पहिल्या गेममध्ये सैनिक भिंतीवरून उडी मारत नाहीत, ते लांबून वळसा घालूनच जातात. उडी मारण्याची सोय २०१३ च्या दुसऱ्या भागात आली. दोन्ही भाग खेळणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो: भिंतीपलीकडे क्लिक केले की तुकडी सगळी भिंत संपेपर्यंत उघड्यावरून पळत सुटते.

तुकडीत दोन-तीन जणच उरले की ‘टी’ दाबा. माघार घेणारी तुकडी वेगाने पळते आणि तिला गोळ्याही कमी लागतात. शेवटचा माणूस पडला तर तुकडीने कमावलेला अनुभव त्याच्याबरोबर जातो. तळावर नवे सैनिक भरून घ्या, आणि त्याच भिंतीकडे परत जा, या वेळी दुसऱ्या टोकाने.