बाजरी-तुरीला जिवाणू खत लावताय? आधी पाकीट वाचा

मृग तोंडावर आलाय, बाजरीत तूर घेणारे बियाण्यासोबत जिवाणू खताची पाकिटं पण आणतील, पण ती लावताना जो घोळ होतो तो मी स्वतः केलाय म्हणून सांगतो. दुकानदारानं रायझोबियम (मुळावर गाठी करून तुरीसारख्या पिकाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू) म्हणून दिलं, मी लावलं, महिन्यानं तूर उपटली तर मुळाला दोन-चार गाठी, त्या पण आतून पांढऱ्या. मग पाकीट वाचलं, सोयाबीनचं निघालं! सोयाबीनचं रायझोबियम तुरीला कामाचं नाही, तूर-मूग-उडीद-चवळी या गटाचं बघून घ्या. बाजरीला तर रायझोबियमच नको, तिला अ‍ॅझोटोबॅक्टर नाहीतर अ‍ॅझोस्पिरिलम, हे गाठी न करता नत्र देणारे जिवाणू. पीएसबी, म्हणजे मातीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दोघींना चालतं. म्हणून घमेली दोन ठेवा.

लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून पार गार होऊ द्या, कोमट असताना पाकीट फोडलं की जिवाणू गेलेच. 250 ग्रॅमचं पाकीट 10 ते 15 किलो बियाण्याला पुरतं. हलक्या हातानं चोळा, तुरीची साल निघता कामा नये, आणि गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. हायब्रीड बाजरीचं बी बहुतेक वेळा औषध लावूनच रंगीत येतं, त्याला परत औषध कशाला? आणि हे बी डीएपीत कालवून पेरू नका, एवढं केलेलं सगळं वाया जातं.

तिफणीनं (तीन नळ्यांच्या पाभरीनं) पेरत असाल तर मधल्या नळ्यातनं तूर सोडा, जाता-येता आपोआप दोन ओळी बाजरी एक ओळ तूर बसते.

आता शेणखत. एकरी दोन टन तरी पडलं पाहिजे, नाहीतर अ‍ॅझोटोबॅक्टर खाणार काय? पण कुजलेलंच टाका हो. उकिरड्यात हात कोपरापर्यंत घालून बघा, आत गरम लागलं, शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, त्यातनं हुमणी (मुळं खाणारी अळी) रानात जाते आणि मग बाजरीचे फड बसतात वाळून. बीजप्रक्रिया राहिलीच तर एकरी दोन किलो जिवाणू खत अशाच मुरलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर फेका.

तूर महिना-सव्वा महिन्याची झाली की रोप उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात, खुरप्यानं मातीसकट काढा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली की काम चालू आहे. मग युरिया बाजरीच्याच ओळीला द्या, तुरीकडं जाऊ देऊ नका, आयता नत्र मिळाला की गाठी आळशी होतात.