हायबरनेट केलेला संगणक आपोआप सुरू होत असेल तर

हायबरनेट केलेला विंडोज संगणक काही वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर सेटिंग्ज बदलण्याआधी त्याला नेमके कशाने जागे केले ते शोधावे. विंडोज बहुतेक वेळा याची नोंद ठेवते आणि ती पाहिल्याने बरीच मेहनत वाचते.

प्रथम, संगणक खरोखर हायबरनेट होतो आहे ना, याची खात्री करावी. हायबरनेट करताना मेमरीतील सर्व माहिती डिस्कवर लिहिली जाते आणि संगणक बंद होतो. स्लीपमध्ये मात्र मेमरीला वीज मिळत राहते. पॉवर बटण दाबल्यावर आधी उत्पादक कंपनीचे बोधचिन्ह आणि मग आपले अर्धवट राहिलेले काम पडद्यावर आले, तर ते हायबरनेशन समजावे.

संगणक आपोआप सुरू झाला की लगेच कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडावा आणि रोमन लिपीत ‘पॉवरसीएफजी’, एक मोकळी जागा व ‘/लास्टवेक’ असे टाइप करावे. उत्तरात नेटवर्क कार्डाचे नाव आले, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडून पॉवर मॅनेजमेंट या टॅबमधील, संगणकाला जागे करण्याची परवानगी देणारी खूण काढावी. दुरून संगणक सुरू करण्याची गरज असेल, तर ती खूण ठेवून त्याखालचा, फक्त ‘मॅजिक पॅकेट’ (संगणक जागा करण्यासाठी नेटवर्कवरून पाठवलेला खास संदेश) आल्यावरच जागे करण्याचा पर्याय निवडावा. माऊस किंवा कीबोर्डचे नाव आले, तर त्यांचीही परवानगी याच पद्धतीने काढता येते.

कारण टायमर (ठरलेल्या वेळी संगणक जागा करणारी सूचना) असेल, तर त्याच खिडकीत ‘पॉवरसीएफजी’पुढे ‘/वेकटायमर्स’ ही आज्ञा दिल्यास पुढचा टायमर कोणत्या प्रोग्रामने लावला आहे ते दिसते. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये स्लीप या शीर्षकाखाली वेक टायमर बंद करता येतात. लॅपटॉपवर बॅटरी आणि थेट वीज अशा दोन्ही ओळी बदलाव्या लागतात, आणि यातली एक ओळ हमखास राहून जाते. एखादेच नियोजित काम त्रास देत असेल, तर टास्क शेड्युलरमध्ये त्या कामाच्या कंडिशन्स टॅबमधील संगणक जागा करण्याची खूण काढणे अधिक योग्य, कारण इतर टायमर तसेच राहतात.

नोंदीत काहीच सापडले नाही, तर बायोसकडे, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जकडे, वळावे. तेथे वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून संगणक जागा करण्याची सोय) आणि ठरावीक वेळी सुरू होण्याचा अलार्म हे पर्याय तपासावेत. डेस्कटॉपवर आणखी एक पर्याय महत्त्वाचा आहे: वीज गेल्यानंतर ती परत येताच संगणकाने काय करावे, हे त्यात ठरवलेले असते. तो ‘पॉवर ऑन’वर असेल, तर भारनियमन संपताच हायबरनेट केलेला संगणक सुरू होतो आणि दोष उगाच विंडोजला दिला जातो. तो ‘पॉवर ऑफ’ करावा.

प्रत्येक वेळी एकच बदल करून, संगणक पुन्हा हायबरनेट करून पाहावे. काही सेकंदांतच तो परत सुरू होत असेल, तर प्रशासक कमांड प्रॉम्प्टमधून ‘पॉवरसीएफजी’पुढे ‘/एच ऑफ’ आणि मग ‘/एच ऑन’ अशा आज्ञा देऊन हायबरनेशनची फाइल नव्याने तयार करून घ्यावी, आणि त्यानेही फरक पडला नाही तर चिपसेट व ग्राफिक्सचे ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावेत.